कर्त्याचा रकाना

'लेखक' हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ फार जुना नाही. पोथ्यांच्या जगात लेखक म्हणजे लिहिणारा. बोरू आणि शाई घेऊन दुसऱ्याची रचना कागदावर उतरविणारा. ज्याने ग्रंथ रचला तो कर्ता किंवा ग्रंथकार. लेखक त्याहून निराळा, आणि त्या निराळेपणात त्याला कमीपणा वाटत नसे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ चा निर्देश आहे आणि लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि दोघांचीही नावे ग्रंथात सुखाने नांदत आहेत. पुढे छापखाने आले, हाताने नकला करणाऱ्यांचा व्यवसाय मोडला, आणि रिकाम्या झालेल्या त्या शब्दावर कर्त्याने आपला हक्क सांगितला. या अदलाबदलीत एक मोलाचा भेद हरवला आहे, हे मला उमगले ते वाराणसीत. आणि तेही पोथीपाशी बसून नव्हे, तर संगणकाच्या पडद्यासमोर.

आमचे घर ब्रह्माघाटाच्या वरच्या अंगाला, दुर्गाघाटाकडे जाणाऱ्या गल्लीत. या वस्तीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. पैठणाहून आलेल्या भट्ट घराण्याने काशीच्या धर्मशास्त्रावर दीर्घकाळ प्रभुत्व गाजविले. नारायणभट्टांचा 'त्रिस्थलीसेतु', त्यांच्या नातवाचा, कमलाकरभट्टांचा, १६१२ सालचा 'निर्णयसिंधु' हे या घराण्याचे ग्रंथ. १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट याच कुळातले. नाथांनी आपले भागवत पूर्ण केले तेही वाराणसीतच, शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली. मराठी भाषेचा एक थोर ग्रंथ गंगेच्या काठी सिद्ध झाला, याचा अभिमान आमच्या घरातील लहानथोरांना सारखाच. मात्र ज्या मराठीचा अभिमान वाहायचा ती घरात बोलली जाताना पुष्कळच बदललेली असे. आम्ही भाजीला तरकारी म्हणतो, गच्चीला छत म्हणतो, आणि विरजण लावत नाही, दही जमवतो.

ही बदललेली मराठी तिच्या सगळ्या ठसक्यासह जिच्या तोंडी होती ती माझी आत्या. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. लग्नानंतर चार वर्षांतच ती माहेरी परतली आणि मग हे घर तिने सोडले नाही. मंगळागौरीची गाणी, बोडणाची रीत, कोणत्या घरी कोणता कुळाचार आणि तो काशीत आल्यावर कसा बदलला, कोणत्या वाड्याच्या विहिरीला गोडे पाणी होते, हे सारे तिच्या स्मरणात होते. १९७८ च्या पुरात गंगेची पातळी ७३.९० मीटरपर्यंत चढली, हा आकडा सरकारी नोंदीत मिळतो. परंतु त्या दिवसांत वरच्या मजल्यावर किती घरांच्या चुली एकत्र पेटल्या, कोणाची म्हैस कोणाच्या ओसरीवर बांधली गेली, आणि नावेतून आलेले पहिले पोते कसले होते, हे आत्याच सांगू जाणे. तिची दृष्टी मंदावली तेव्हा ती सांगू लागली आणि मी लिहू लागलो. पुढे सतरा-अठरा वर्षे, सवडीप्रमाणे, हे चालले.

आरंभीच्या वह्या १९९८ साली एका दुकानातून टंकित करून घेतल्या. त्या काळी येथील दुकानांतून कृतिदेव नावाचा हिंदीचा फाँट चाले. त्याची खुबी अशी की, पडद्यावर देवनागरी दिसे खरी, पण संगणकाच्या पोटात साठविलेली असत ती रोमन अक्षरे. फाँट केवळ त्यांच्यावर नागरीचा मुखवटा चढवी. मुखवटा उतरला की खालचा चेहरा दिसणारच. पुढे ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा मंगळागौरीच्या गाण्यांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा चिवडा पसरलेला होता. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोडची व्यवस्था १९९१ पासून अस्तित्वात होती, पुण्याच्या सी-डॅकनेही भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले होते. पण गल्लीतल्या दुकानापर्यंत या गोष्टी पोचायला बराच काळ गेला. त्या वह्या मी घरी आणलेल्या संगणकावर पुन्हा प्रथमपासून लिहून काढल्या.

संगणक ज्या दुकानातून आला त्याने तो सर्व जोडणी करून, आज्ञावली भरून, तयार स्थितीत दिला होता. काम उत्तम चालू होते. दोनशे पाने भरली तेव्हा एका संस्थेने ती आपल्या संग्रहासाठी मागितली. मी फाइल दिली. काही महिन्यांनी संस्थेची छापील सूची हाती आली. तीत आत्याच्या आठवणींची नोंद होती, पृष्ठसंख्या बरोबर होती, आणि 'लेखक' या रकान्यात त्या संगणकाच्या दुकानाचे नाव होते.

सूची करणाऱ्याने मजकूर वाचला नव्हता, फाइलचे गुणधर्म तेवढे पाहिले होते. वर्डमध्ये सिद्ध केलेली प्रत्येक फाइल म्हणजे खरे तर अनेक लहान फाइलींचे एक गाठोडे असते. त्यातील एका लहानशा फाइलीत मजकुराविषयीचा तपशील राहतो: कर्ता कोण, शेवटचा बदल कोणी केला, केव्हा केला. कर्त्याचे नाव वर्ड आपल्याला विचारीत नाही. आज्ञावली प्रथम बसविताना जे नाव भरले गेले, तेच प्रत्येक नव्या लेखनाच्या माथी आपोआप लागते. शिवाय जुनी फाइल उघडून दुसऱ्या नावाने साठविली, तर मूळ कर्त्याचे नावही तिच्याबरोबर पुढे जाते. गोत्रासारखेच ते, एकदा लागले की संततीला चिकटून राहते.

हे बदलणे अवघड मुळीच नाही. वर्डच्या 'फाइल' या विभागात 'ऑप्शन्स', तेथे 'जनरल', आणि तेथे वापरणाऱ्याचे नाव व आद्याक्षरे लिहिण्याची जागा. लिबर ऑफिसमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स' आणि मग 'यूजर डेटा'. मात्र या दुरुस्तीचा अंमल पुढच्या लेखनावर चालतो, मागच्यावर नाही. जुन्या फाइली एकेक उघडून, त्यांच्या गुणधर्मांत शिरून, नाव हाताने बदलावे लागते. मी त्या कामाला बसलो. पहिल्या फाइलीतील दुकानाचे नाव खोडले, आणि रिकाम्या रकान्यासमोर बोटे थबकली. तेथे कोणाचे नाव लिहायचे?

सांगणारी आत्या. लिहिणारा मी. शिवाय गाणी तर आत्याचीही नव्हेत. ती तिच्या आजीची, आणि आजीच्याही आधीच्या कोणाची. रकाना मात्र एकच, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'ऑथर' असे लिहिलेले.

अशा वेळी पोथ्यांची आठवण होणे काशीत स्वाभाविक आहे. संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठाच्या सरस्वती भवनात एक लाखाच्या घरात हस्तलिखिते आहेत; या विद्यापीठाचे मूळ १७९१ साली स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेत आहे. हस्तलिखित हाती आले की जाणकार आधी शेवटचे पान पाहतो. तेथे पुष्पिका असते. ग्रंथ कोणाचा, कोणत्या शकात, कोणत्या तिथीस, कोणत्या ठिकाणी, कोणी आणि कोणासाठी लिहिला, हे त्यात सांगितलेले असते. पुष्कळदा लिहिणारा आपले चार शब्द जोडतो: समोर जसे होते तसे उतरविले, दोष मला देऊ नये, पाठ आणि मान मोडून हे लिहिले आहे, तरी जपून ठेवावे, तेलापासून, पाण्यापासून आणि अडाण्याच्या हातापासून याला वाचवावे. कर्त्याला जे सांगता येत नाही ते लेखक सांगतो, कारण कष्ट त्याच्या मानेचे असतात.

तिसरे नाव असते ते पोथीच्या मालकाचे. सतराव्या शतकात काशीत कवींद्राचार्य सरस्वती नावाचे संन्यासी होते, मूळचे गोदातीरावरचे. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर त्यांनी शाहजहानकडे रदबदली करून उठविला. त्यांच्यापाशी मोठा ग्रंथसंग्रह होता आणि त्यातील पोथ्यांवर त्यांच्या 'सर्वविद्यानिधान' या बिरुदासह त्यांचे नाव घातलेले असे. त्यांच्या पश्चात संग्रह विखुरला. पोथ्या कोठे कोठे गेल्या, पण ते नाव त्यांच्याबरोबर गेले, आणि त्याच खुणेवरून आजचा अभ्यासक त्या ओळखतो. त्या नावामुळे पोथी त्यांची ठरते, ग्रंथ त्यांचा ठरत नाही. कर्ता, लेखक आणि स्वामी यांच्यात कोणाचीही गल्लत होत नसे, कारण तिघांच्या जागा ठरलेल्या होत्या. संगणकाच्या दुकानाचे नाव फार तर या तिसऱ्या जागी शोभले असते.

रकान्याचा प्रश्न सुटला नव्हता, तोच दुसरा उभा राहिला. वाराणसीतल्या दुकानाने जोडणी केलेला संगणक, म्हणून त्याची भाषा हिंदी. परिणामी आत्याच्या मजकुरातील 'आहे' या शब्दाखालीसुद्धा लाल नागमोडी रेघ उमटे. मराठीतला सर्वांत साधा शब्द, आणि तो चुकीचा! मी भाषा बदलून मराठी केली. 'आहे' सुटला, पण आता 'तरकारी' अडकली. हिंदीने जे मराठी म्हणून दोषी ठरविले होते ते निर्दोष झाले, आणि मराठीने हिंदी म्हणून नवे आरोपी उभे केले. पानभर लाल रेघा कायमच राहिल्या, केवळ त्यांनी जागा बदलली. काशीच्या मराठी माणसाची सारी कथाच त्या पानावर उमटली होती. येथे तो मराठी म्हणून वेगळा आणि पुण्यात गेला की बोलण्यातल्या हिंदीमुळे वेगळा. आत्याची बोली दोन्ही कोशांच्या बाहेरची होती. रेघा पुसण्यासाठी शब्द बदलले असते, तर पान स्वच्छ झाले असते आणि आत्या त्यातून निघून गेली असती.

म्हणून मी वर्ड बाजूला ठेवून साध्या मजकुराचा संपादक वापरायचे ठरविले. साध्या मजकुराची फाइल म्हणजे फक्त अक्षरे. तिला ठळक-तिरपे ठाऊक नाही, शुद्ध-अशुद्ध ठाऊक नाही. अशी फाइल विंडोजवर आपोआप नोटपॅडमध्ये उघडते. ही नेमणूकही आपल्याला न विचारता झालेली. त्या काळच्या नोटपॅडची एक खोड होती. काही न सांगता साठविले तर तो जुन्या रोमन संकेतात साठवू पाही. देवनागरी लिहिलेली असली तर एक सूचना देई, आणि ती न वाचता होकार दिला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरे. २०१९ मध्ये ही नेमणूक बदलली आणि यूटीएफ-८ हा सर्व लिप्या सामावणारा संकेत मूळचाच ठरला. तोवर मात्र दुसरा संपादक आणून, त्या जातीच्या फाइली यापुढे याच्याचकडे सोपवाव्यात, असे संगणकाला सांगणे हाच उपाय होता. फाइलीच्या गुणधर्मांत 'ओपन्स विथ' आणि पुढे 'चेंज', एवढे केले की झाले. कळफलक इन्स्क्रिप्टचा घेतला. त्यात 'ल'च्याच कळेवर, शिफ्ट दाबले की, 'ळ' मिळतो, आणि 'र'च्या कळेवर तसाच 'ऱ' मिळतो. मग 'तऱ्हा' आणि 'वाऱ्यावर' हे शब्द मराठी वळणाने लिहिता येतात. आत्याच्या तोंडचा एकही वर्ण अडला नाही.

आणि मग ध्यानात आले की, साध्या मजकुराच्या या फाइलीला कर्त्याचा रकानाच नाही. गुणधर्म उघडले तर आकारमान दिसते, तारीख दिसते. लेखनाचा कर्ता म्हणून कोणाचेही नाव दिसत नाही. नाव द्यायचे असेल तर ते मजकुरातच, अक्षरांनी, लिहावे लागते. यंत्र आपल्या वतीने काही बोलत नाही.

नाव नसणे हे नेहमीच उणेपण असते असे नाही. याच शहरात १८८३ साली जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर हे मराठी घरातले. १९२० मध्ये निघालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाचे ते थोर संपादक झाले. १९३० च्या सत्याग्रहकाळात वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली तेव्हा काशीतून 'रणभेरी' हे गुप्त पत्र निघे आणि त्यामागे पराडकर होते. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापलीच पाहिजेत असे १८६७ चा कायदा सांगत होता, कारण नाव कळले की माणूस पकडता येतो. तेथे नाव झाकण्यातच धैर्य होते. याच्या उलट उदाहरण २००३ चे. इराकविषयीची एक पुस्तिका ब्रिटिश सरकारने वर्डच्या फाइलीत प्रसिद्ध केली. तिचा मोठा भाग एका संशोधकाच्या लेखातून श्रेय न देता उचललेला होता, हे केंब्रिजच्या एका अध्यापकाने दाखविले. आणि ती कोणाकोणाच्या हातांखालून गेली, हे त्या फाइलीच्या पोटातील नोंदीनेच उघड केले. ज्याचे लिहिलेले त्याचे नाव गाळले गेले आणि ज्यांनी उचलले त्यांची नावे यंत्राने जपून ठेवली. रकाना खोटे बोलत नाही आणि खरेही बोलत नाही. जे नाव समोर आले ते तो धरून ठेवतो, इतकेच.

हा सारा पेच मी आत्यापुढे मांडला. ती माळ ओढीत होती. संगणकातले तिला काही कळत नसे, पण नावाचे चटकन कळले.

"अरे, पोथीत लिहिणाऱ्याचं नाव असतं ना? तू लिहिलंस, तुझं घाल."

"पण सांगितलंस तू."

"मी कुठं बनवलं? मला आजीनं सांगितलं."

"मग तिचं घालू?"

आत्या थांबली. माळही थांबली. "तिचं नाव..." असे म्हणून ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तिला सगळे काकू म्हणायचे. माहेरचं नाव तिनं एकदा सांगितलं होतं. विसरले रे मी."

त्यानंतर दोन दिवस ती काहीशी गप्पच होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून हाक मारली आणि म्हणाली, "माझं नाव घाल. सगळं घाल, माहेरचं, सासरचं, दोन्ही. नाहीतर पुढं कुणी विचारलं तर तूसुद्धा 'आत्या' एवढंच सांगशील."

जिने साठ वर्षांत कोणत्याही कागदावर हौसेने सही केली नव्हती, तिचे हे बोलणे. रेशनकार्डावर ती कुटुंबातील एक व्यक्ती, मतदारयादीत एक ओळ, आणि संस्थेच्या सूचीत तर तीही नाही. लग्नात मिळालेले नाव तिने चार वर्षे वापरले. जन्माचे नाव तर त्याच्याही आधी मिटले. मी ते दोन्ही तिच्याकडून विचारून घेतले. जन्मनाव उच्चारताना ती किंचित लाजली.

फाइलीच्या शेवटी मी पुष्पिका लिहिली. सांगणारी अमुक, माहेरची अमुक. तिने हे आपल्या आजीकडून ऐकले, जिचे नाव स्मरणात उरले नाही. लिहिणारा तिचा भाचा. स्थळ काशी, ब्रह्माघाट. शक आणि तिथी. आजीच्या नावाची जागा तशीच सोडली, आणि ती जागा का सोडली हेही लिहिले. संस्थेला नवी प्रत पाठविली आणि सोबत पत्र जोडले. पुढच्या सूचीत नोंद दुरुस्त झाली. 'लेखक' या रकान्यात आता आत्याचे नाव आहे आणि 'लेखनिक' असा एक शब्द कंसात माझ्यापुढे आहे.

आत्या २०१६ च्या कार्तिकात गेली. त्यानंतर आजवर ती फाइल मी अनेकदा उघडली आहे. कोठे अनुस्वार राहिलेला दिसतो, कोठे वाक्य लंगडे वाटते, आणि हात शिवशिवतो. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अपपाठ काढले, पण आपली एकही ओवी त्यात मिसळली नाही, आणि पुढेही कोणी मिसळू नये अशी ताकीद अखेरीस देऊन ठेवली. आपल्याहून थोर असलेल्याचे शब्द जपणे एक वेळ सोपे. तेथे धाक असतो. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचे शब्द जपताना धाक आपला आपणच घालून घ्यावा लागतो. मी अनुस्वार देतो. 'दही जमवले' असे आहे तेथे विरजण लावीत नाही. बदल केला की संगणक तारीख पुढे सरकवतो आणि तिच्या जाण्यानंतरची तारीख तिच्या मजकुरावर चढते; म्हणून प्रत्येक दुरुस्ती मी पुष्पिकेखाली तिथीसह नोंदवून ठेवतो. गेल्या आषाढात अशी चौदावी नोंद झाली. आजीच्या नावाची जागा अजून रिकामी आहे. आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत जुन्या यात्रेकरूंची नावे मोडीत उतरविलेली आहेत, आणि त्यातील काही पानांवर यजमानाच्या नावाखाली त्याच्या कुटुंबाचेही नाव आढळते. ती पाने मी सध्या एकेक वाचीत आहे.